हापशीवरचं फिनेल

जिन्यात फिनेलचा वास आला की मला अजून एक हापशी आठवते. लहानपणी आम्ही अमरावतीच्या कडेला एका नव्या कॉलनीत राहायला गेलो. आदल्या वर्षापर्यंत तिथे कपाशी होती. मग प्लॉट पडले, मोजकी घरं उभी राहिली आणि सगळ्यांत मिळून एक हापशी आली. तिथलं पहिलं बौद्ध घर आमचं.

पहिल्याच सकाळी शेजारच्या बाईंनी हापशीवर आईला आडनाव विचारलं. आईनं सांगितलं. बाईंनी आपली घागर लांब सरकवली. घागर भरून आम्ही फाटकाशी आलो आणि मी मागे पाहिलं, तर त्या हापशीच्या दांड्यावर फिनेल ओतून काथ्यानं घासत होत्या.

आई घागर ठेवून परत गेली.

"काहून धुऊन राहिल्या, बाई?"

"घाण लागली होती."

"मंग नीट धुवा. मले अजून पानी भरा लागते."

बाई आत निघून गेल्या. आईनं तोच ओला दांडा धरून दुसरी घागर भरली. दुपारी तिनं भरवलेल्या घासाबरोबर तो उग्र वास माझ्या नाकात शिरला.

"आई, तुह्या हाताले काय लागलं होतं?"

तिनं दोन्ही तळवे माझ्यासमोर पसरले. "तूच पाह्य."

आता त्या कॉलनीला कमान आहे. जुने रहिवासी अभिमानानं सांगतात, "आपली वस्ती पहिल्यापासून सुसंस्कृत लोकांची." ऐकून त्यांच्याइतकीच माझीही शिसारी येते. कारण त्या दुपारी मी आईच्या तळव्यांवर, रेघारेघांत, खरोखरच घाण शोधली होती.