गुडघ्यातला खिळा

तिकोना पेठेहून बैलगाडी निघाली तेव्हा मी मुद्दामच गडाकडे पाहिले नाही. सहा महिन्यांपूर्वी मुंबईत माझ्या उजव्या गुडघ्यातली फाटलेली कूर्चा काढली होती. आता लोणावळ्यात क्ष-किरणांचा फोटो घ्यायचा आणि तो निर्दोष निघाला तरच गड चढायचा, असा मुंबईच्या सर्जनांचा हुकूम होता. गडांच्या बाबतीत मी हावरट. पायथ्याशी काठी टेकून बसण्याच्या कल्पनेनेच मला धास्ती वाटे.

गाडी धोंडूभाऊंची. वाटेत पवनेच्या काठी त्यांच्या बहिणीकडे, ठकूमावशीकडे थांबलो. तांदळाची भाकरी आणि नदीतल्या मासळीचे झणझणीत कालवण पानात पडले. मावशीची नजर मात्र माझ्या गुडघ्यावर.

"येवढं कापलं आन् दिष्ट (दृष्ट) काडली न्हाई, मास्तर?"

निरगुडीचा गरम पाला ठेवून तिने घट्ट पट्टी बांधली. "माघारी येस्तवर सोडू नगा." तिचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती, शिवाय शेक बरा वाटत होता.

दुधिवऱ्याच्या खिंडीत बैल दमले, म्हणून उतरून चाललो. गुडघ्याने कुरकुर केली नाही. लोणावळ्याला पोचलो तो खुशीतच.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. "पाल्याने काही अडत नाही, राहू द्या पट्टी," म्हणाले. थोड्या वेळाने ओला फोटो त्यांनी उजेडात धरून दोनदा फिरवून पाहिला.

"मुंबईत खिळा ठोकला होता?"

"नाही हो."

"मग हा आत राहिलाय. पुन्हा उघडावा लागेल गुडघा."

हाडावर पांढराशुभ्र खिळा स्पष्ट दिसत होता. तिकोना गेला, सगळेच गड गेले.

दाराशी उभे असलेले धोंडूभाऊ खाकरले. "पट्टी सोडून बगा की, सायेब. नालंचा खिळा आसंल. दिष्टीला बांधत्यात आमच्यात."

पट्टी सोडली. पाल्यातून बैलाच्या नालेचा खिळा टेबलावर पडला. डॉक्टर खुर्चीत बसून पोट धरून हसले. दुसरा फोटो लख्ख निघाला. "चढा गड," ते म्हणाले.

परतताना मावशीला म्हटले, "तुमच्या खिळ्यापायी पुन्हा कापले असते मला."

"खिळ्याबिगर दुसरं काय वंगाळ दिसलं का फोटूत?"

"नाही."

"मंग?" म्हणून ती चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी तिकोन्याच्या माथ्यावर होतो, खिळा खिशात घेऊन. पुण्याला परतल्यावर लख्ख फोटो सर्जनांना पाठवला. खिळ्याचा फोटो मावशीने आधीच मागून घेतला होता. तिच्या दारावर, नालेच्या शेजारी, माझा गुडघा टांगलेला आहे.