मन्मथच्या गिटारीत काय काय होतं

लातूरहून मी आयुष्यभर बातम्या पाठवल्या. त्यातलं जे छापून आलं ते आज मलाही आठवत नाही. नांदेडच्या मुख्य कचेरीतल्या डेस्कनं "जागा नाही" म्हणून जे कापलं, ते मात्र एकावर एक साठत गेलं. त्यातलं निम्मं मन्मथच्या गिटारीचं आहे!

आज ते काढायला कारण घडलं. मागं एका कोचिंग क्लासच्या स्वागतकक्षात गेलो होतो. नातवंडांचे फोटो लावावेत तसे भिंतीभर टॉपर्सचे फोटो, आणि मधोमध काचेच्या कपाटात ती गिटार. खाली पाटी: "आमच्या संस्थेच्या विज्ञाननिष्ठ वातावरणातून घडलेली इलेक्ट्रिक गिटार."

अरे, संस्थेचा पाया खणायच्या कितीतरी आधी ती वाजत होती! ती घडताना मी समोर होतो. तेव्हा तिच्यात काय काय होतं ते आता मीच सांगतो.

*

मन्मथ म्हणजे गंजगोलाईतल्या आप्पांचा मुलगा. आप्पांचं किराण्याचं दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि बोलणं तोलून. मुलानं गादीवर बसावं एवढीच त्यांची इच्छा. मुलाला ऑर्केस्ट्रा काढायचा होता आणि गिटार विकत घेणं शक्य नव्हतं. म्हणून त्यानं ती केली.

तारांचा आवाज उचलणाऱ्या पिकअपची तार जळालेल्या पंख्याची. चुंबक फुटक्या स्पीकरचं. पडदे सायकलच्या स्पोकचे. बटणं जुन्या रेडिओची. आणि अंग शाळेच्या मोडक्या बेंचचं, अस्सल सागवान.

बेंचवर कुणीतरी कर्कटकानं बदाम कोरून आत "सुरेखा" लिहिलं होतं. मन्मथनं पॉलिश केलं, रंग दिला. सुरेखा काही जाईना!

लग्नानंतर त्याच्या बायकोनं, महानंदानं, गिटार पुसायला घेतली आणि उलटी केली.

"कोण वो ही?"

"अगं, बेंच शाळेचा होता!"

"हाव, शाळेचाच असंल. सोबतच होतात न्हवं?"

*

खरी पंचाईत मानेची झाली. तारा आवळल्या की गिटारीची मान धनुष्यासारखी वाकायची. आत सरळ, न वाकणारं लोखंड हवं होतं. मन्मथनं सळया घातल्या, पट्ट्या घातल्या. सगळ्या वाकल्या.

एक दिवस मान सरळ झाली. आणि त्याच दिवशी आप्पा आमच्या कचेरीत आले.

"बातमी घ्या. माझ्या तराजूची दांडी चोरीला गेली."

समोरच्या बाकावर मन्मथ पोत्यात गुंडाळलेली गिटार घेऊन बसलेला! आप्पा त्याच्याच शेजारी टेकले. आमचे फोटोग्राफर गफ्फारभाई एकाएकी कॅमेरा पुसायला लागले.

"वडिलांच्या वेळची दांडी," आप्पा सांगत होते. "दर वर्षी वजनमापंवाल्याचा शिक्का बसलेली. बिनशिक्क्याची दांडी म्हंजे चोराचा हात. ज्यानं नेली त्याला शिक्क्याचं काय सोयरसुतक?"

मी बातमी लिहिली. डेस्कनं माझ्या दुष्काळाच्या बातम्या कापल्या, ही मात्र चौकटीत छापली!

मन्मथ त्या दिवसापासून वडिलांच्या नजरेला नजर देईना. "कळलं तर गिटार जाईल आन् मीबी घराबाहेर जाईन," तो म्हणायचा. दांडीचं गुपित आम्हा चौघांतच राहिलं. मन्मथ, मी, गफ्फारभाई आणि चौथा ऑर्केस्ट्रात खुळखुळा वाजवणारा प्रोफेसर. तो फिजिक्स शिकवायचा आणि "हे पिकअप सिद्धांतानुसार चालणारच नाही" असं वाजणाऱ्या गिटारीसमोर उभं राहून सांगायचा.

पुढच्या वर्षी शिक्के मारायचा कॅम्प भरला तेव्हा गफ्फारभाईंनी दुकानदारांच्या रांगेचा फोटो काढायला घेतला. रांगेत आप्पा होते. काखेत धोतरात गुंडाळलेलं लांबट काहीतरी.

"फोटो काढायचा न्हाई!" आप्पा कडाडले.

गफ्फारभाई परत येऊन म्हणाले, "मियाँ, नई दांडी को भी नजर लगती क्या?"

*

नांदेडला गणपतीत कार्यक्रम होता. आमच्या डेस्कचे झाडून सगळे शहाणे पहिल्या रांगेत. मन्मथनं गाण्याच्या मधला तुकडा सुरू केला आणि स्पीकरमधून बाई बोलायला लागल्या. पंख्याच्या तारेनं आकाशवाणी पकडली होती!

"बाजारभाव. तूर, लाल..."

मन्मथनं बटण पिळलं. बाईंचा आवाज आणखी मोठा झाला. प्रोफेसर खुळखुळा टाकून विंगेत पळाला. पुढच्या रांगेतून "बंद करा" सुरू झालं.

तेवढ्यात मागून, इस्लापूरकडून आलेल्या शेतकऱ्यांतला एक जण उठून ओरडला, "ए पोरा, गाणं बंद कर! भाव ऐकू दे!"

*

मग भूकंप झाला. किल्लारीकडून मी परत आलो तेव्हा काही दिवस माझ्यानं लिहवलं नाही. ते इथंही लिहिणार नाही.

पण त्यानंतरचे महिने आठवतात. लोक रस्त्यावर झोपायचे. घरात शिरायचं तर रचलेल्या भांड्यांकडं एक डोळा ठेवून. भांडी वाजली की बाहेर! मन्मथच्या गल्लीनं आणखी एक सोय केली. त्याची गिटार भिंतीला टांगून, स्पीकर चालू ठेवून, आवाज पूर्ण मोठा. जमीन जरा हलली की तारा थरथरणार आणि अख्ख्या गल्लीला कळणार. गल्लीला ही कल्पना फार पसंत पडली.

अडचण एकच. त्या काळात वीज सारखी जायची. आणि परत आली की गिटार "घुंऽऽऽ" करून उठायची! लोक ताटावरून उठून पळायचे. एक आजोबा तर अंगाला साबण लावलेले तसेच बाहेर आले.

"मन्मथ, भूकंप हाय का लाईट आली?" गल्लीतून ओरडा.

"लाईट!"

मग सगळे परत आत. आणि आत जाताना प्रत्येक जण जरा जास्तच मोठ्यानं हसायचा. ते हसणं मी विसरलेलो नाही.

मी यावर झकास लिहून पाठवलं. डेस्कनं कापलं. कारण दिलं, "भूकंपात विनोद शोभत नाही." गल्लीत येऊन सांगा म्हणावं!

*

त्या गिटारीचं एक कोडं मात्र सुटत नव्हतं. दर वर्षी एकदा ती आपोआप बेसूर व्हायची. मन्मथ दोन दिवस जळकोटला सासरी जायचा, परत येऊन बघतो तर सगळ्या तारा उतरलेल्या.

प्रोफेसर म्हणाला, "तापमानामुळं धातू प्रसरण पावतो."

गफ्फारभाई म्हणाले, "सुरेखा आती होगी."

महानंदावहिनी आतूनच म्हणाल्या, "येऊ द्या, मलाबी बघायचीच हाय!"

*

पुढं लातूरला क्लासेसचं पीक आलं. जिथं भुसार माल उतरायचा तिथं मुलं उतरायला लागली. अहमदपूरची एसटी पत्र्याच्या ट्रंकांनी भरून यायची. ट्रंकेच्या मागं बाप, बापाच्या मागं आई. आमच्या प्रोफेसरानं खुळखुळा सोडला, चार मजली क्लास काढला, आणि स्नेहसंमेलनासाठी म्हणून मन्मथकडून गिटार नेली. ती परत आलीच नाही. आली ती पाटी!

मी पाटी वाचली आणि तसाच वर केबिनमध्ये घुसलो.

"ही मन्मथची आहे. लाज वाटत नाही?"

"पुरावा?" प्रोफेसर गोड हसला. "मानेत आप्पांची दांडी आहे, तोच ना? मग मन्मथनं यावं आणि आप्पांसमोर सांगावं. मी लगेच देतो."

मी तडक दुकानात गेलो. आता तिथं इलेक्ट्रॉनिक काटा होता. आप्पा गादीवर, फार थकलेले, कानानं अधू. मन्मथचे केस पांढरे झालेले.

"सांगून टाक," मी म्हणालो. "किती वर्षं भिणार?"

"जाऊ द्या हो दादा. पाटी लावू द्या न्हाई तर आरती करू द्या. या वयात आप्पांना काय सांगू? तुमचा चोर घरातच व्हता म्हणून?"

"अरे, पण गिटार तुझी आहे!"

"दांडी त्यांची हाय."

आमचं भांडण चांगलंच रंगलं. आप्पांना ऐकू येत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. एकाएकी ते काठी टेकत उठले.

"कुठं ठिवलीय ती? चल."

*

प्रवेशाचे दिवस होते. स्वागतकक्ष आईबापांनी भरलेला. प्रोफेसरानं पायांना हात लावला.

"आप्पा, बसा ना. पण ही मन्मथचीच, याला काही खूण?" आणि मन्मथकडं बघून हसला. मन्मथची मान खाली.

"कपाट उघड," आप्पा म्हणाले.

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? उघडलं.

दांडीचा मधला जाड भाग गिटारीच्या मानेत मावला नव्हता. तेवढा मागून उघडा राहिला होता आणि मन्मथनं त्यावर रेक्झिनचा तुकडा चिकटवला होता. हे आम्हा चौघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आप्पांनी गिटार उलटी केली. अंगठा सरळ त्या तुकड्यावर गेला. तुकडा अलगद सुटला, पुष्कळ वेळा सुटलेला असावा तसा.

खाली लोखंड, त्यात शिशाचे ठिपके, ठिपक्यांवर शिक्के.

"वाच," आप्पा मला म्हणाले.

मी चष्मा लावला. पहिले शिक्के चोरीच्या बातमीआधीचे. त्यांच्या शेजारी चोरीनंतरच्या वर्षाचा. त्याच्या शेजारी त्याच्या पुढच्या वर्षाचा. मग भूकंपाच्या वर्षाचा. मग त्यानंतरचे, एकही वर्ष न गाळता, गिटार स्नेहसंमेलनाला गेली त्या वर्षापर्यंत.

"आप्पा..." मन्मथ पुढं सरकला.

आप्पांनी तुकडा परत जागेवर दाबला आणि गिटार पोराच्या हातात दिली.

"बिनशिक्क्याचं काही मी घरात ठिवत न्हाई."