आखूड मेटॅडोर आणि तिची पुढची सीट

आमची मेटॅडोर बघून लोक आधी हसतात, मग मागे जाऊन उरलेली गाडी शोधतात. घराच्या पाणंदीला दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, गाडी काही वळेना. गडगा पाडावा तर तो निम्मा चुलत दिरांचा. गाडी मात्र सगळी आमची. म्हणून आमच्या ह्यांनी ती मधूनच कापून जोडून आणली. गडगा अजून उभा आहे. हे गेले त्याला दोन पावसाळे झाले.

मुलगा मुंबईहून म्हणाला, "आई, गाडी मुरुडला नेऊन धड परत आण. नायतर भंगारात देतो."

भात झोडून झालं तसे आम्ही चिपळूणहून निघालो. मी आणि वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. त्यांच्या लेकीला मुरुडला नवे तांदूळ पोचवायचे होते. वन्सं मागे पोत्यांवर बसल्या. "पुढे बसलं की तुझं ड्रायव्हिंग दिसतं," म्हणाल्या.

आखूड गाडी रिक्षाच्या जागेत वळते, हे खरं. पण खड्डा आला की पुढची चाकं जे सांगतात तेच मागची लगेच पुन्हा सांगतात. चाळिसाच्या वर नेऊ नका, शेपूट हलवते. खेडला चहा घ्या, पुढे चढ आहे.

त्याच चढावर घोळ झाला. वळणावर स्टेअरिंग एकदम हलकं झालं, पुढची चाकं खडीवर नुसती फिरली आणि गाडी सरळ गटाराकडे निघाली. कसाबसा ब्रेक लागला. मला भंगारवालाच दिसायला लागला.

मागून वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुझी जागा रिकामी ना, म्हणून."

"मी इथेच तर बसलेय."

"ती दादाची. तुझी बाजूची. हिला ओढतात पुढचीच चाकं, आणि कापल्यापासून मागे माल भरला की पुढनं हलकी होते. दादा म्हणायचा, वहिनी पुढे असली की बिनघोर चढते."

आणि मला हे म्हणायचे, तू शेजारी असलीस की रस्ता बरा वाटतो. वर मांडीवर नारळांचं पोतं द्यायचे. मी लाजायची हो.

"या पुढे," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा पायलीभर जास्तच भराल तुम्ही."

"गप गाडी चालव."

वन्सं पुढे, त्यांच्या पायाशी एक पोतं. गाडी शहाण्यासारखी चढली.

मुरुडला सुपारीच्या बागांमधली अरुंद वाट आमच्याच गाडीसाठी केलीय जशी. समुद्र बघा, पण गाडी वाळूत घालू नका. सुरमईची थाळी साडेतीनशेला, सोलकढी परत मागितली तर तोंड वाकडं करत नाहीत.

वन्सं लेकीकडे राहिल्या. येताना भाचीने नारळांचं पोतं दिलं. मी ते पुढच्या सीटवर ठेवून जुन्या लुगड्याने बांधलं.

घरी आल्यावर मुलाचा फोन. "आली धड?"

"आली. गाडी राहतेय."

पोतं अजून उतरवलेलं नाही. काल बाजाराला जाताना चढ लागला, तेव्हा त्याच्यावर हात ठेवून म्हटलं, "तुम्ही शेजारी असलात की रस्ता बरा वाटतो."