काचेपलीकडचा तिळगूळ

‘‘साथ में कौन है?’’ बोन मॅरोचा रिपोर्ट हातात धरून डॉक्टरांनी विचारलं.

‘‘कोई नहीं,’’ मी म्हणाले. मग त्यांनी मलाच सांगितलं, टी-सेल ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर.

टी-सेल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. बोन मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला मऊ गर, तिथे त्यांचं मूळ. पुढे छातीतल्या थायमस ग्रंथीत जाऊन त्या तयार होतात. माझ्या पेशी कच्च्याच राहिल्या आणि मॅरोत गर्दी करून बसल्या. चांगल्या पेशींना जागाच उरली नाही. थकवा आणि मानेवरच्या गाठी मी इतके दिवस दिल्लीच्या हवेच्या नावावर खपवत होते.

केमो सुरू झाली. कच्च्या पेशींबरोबर चांगल्याही गेल्या, म्हणून मला काचेच्या खोलीत एकटीला ठेवलं. आई सोलापूरला, गुडघ्यांमुळे घरातच. आमच्या सरकारी क्वार्टर्समधल्या सबनीसकाकूंचा फोन आला, तेव्हा मी सवयीने म्हणाले, ‘‘नका हो येऊ, उगाच कशाला त्रास?’’

आपली मराठी माणसं ती! नको म्हटलं की नको. कोणी म्हणता कोणी आलं नाही.

शेजारच्या खोलीतल्या सरदारजींकडे मात्र अख्खं खानदान यायचं, काचेला नाक लावून हात हलवायचं. मला फार हेवा वाटायचा. तोंड सोललं, उलट्या झाल्या, ते सोसलं. रडू यायचं ते भेटीच्या वेळेला.

आज मॅरोत कच्च्या पेशी दिसत नाहीत. गोळ्या चालू आहेत, तपासण्याही. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण तुमच्यावर ही वेळ आली, तर ‘नका येऊ’ एवढं मात्र म्हणू नका.

मी काचेच्या खोलीत होते तेव्हाच संक्रांत आली, आणि मला राहवेना. फोन लावला. ‘‘काकू, याल का?’’ एवढंच जमलं.

धुक्यातून मेट्रो बदलत काकू आल्या. काचेपलीकडे उभ्या राहून त्यांनी फोन कानाला लावला.

‘‘अगं, आम्हाला वाटलं, तुलाच कोणी नकोय!’’

बाहेरचं खाणं मला मना होतं. त्यांनी डबा उघडला, तिळगुळाची वडी मला दाखवली आणि मास्क खाली ओढला.

‘‘चलो, तुझ्या वाटचा मीच खाते. गोड तेवढं तू बोल.’’

त्या चावत होत्या आणि रडत होत्या.

‘‘उद्या पण या,’’ मी म्हणाले.