सरकीची गादी

शेजारच्या कारकुनाने एका मालगुजाराच्या कोठ्यातून गंजलेली मोटार आणली आणि अंगणात तिचे भाग सुटे करून बसला, तेव्हा मी पोटभर हसून घेतलं. पण पाहता पाहता मोटारीला हिरवा रंग चढला, ती घुरघुरू लागली आणि आमची बायको कुंपणावरून तिच्याकडे कौतुकानं पाहू लागली. माझी झोपच उडाली. मीही कुठून तरी एका मोटारीचा सांगाडा ओढून आणला.

इंजिनात शेजाऱ्याची बरोबरी करणं मला जन्मात जमणार नव्हतं. पण त्याच्या गाडीची गादी होती काथ्याची. तिथंच त्याला गाठायचं ठरवलं. दसऱ्याला दोन्ही गाड्यांची पूजा होणार होती आणि 'मास्तरची गाडी सरस' हे मला गल्लीच्या तोंडून एकदा तरी ऐकायचं होतं. घरात गेल्या सालचा कापूस पडून होता. सरकी काढायला वेळ कुणाला? तसाच ठासून भरला आणि वरून कापड शिवलं.

दसऱ्याच्या सकाळी सगळी गल्ली जमली. पाहतो तर आमचीच गाय गाडीत मुंडकं घालून सरकीसकट गादी चघळत होती.

"अवो, तिले तं लय आवडली तुमची गाडी!" आरतीचं ताट धरून बायको म्हणाली.

शेजारी हसलासुद्धा नाही. हे मला जास्तच झोंबलं.

"चला मास्तर, आमच्या गाडीत बसा. गिरडले जाऊन येऊ."

बसलो. काथ्या आता टोचेल, मग टोचेल, म्हणून वाटभर आशेनं वाट पाहिली. मेल्यानं वर सावरीच्या कापसाची गादी घातली होती.