भाऊजींचं स्वादुपिंड

आमच्या भाऊजींइतका जेवणावर जीव टाकणारा आणि जेवणानेच इतका छळलेला माणूस अख्ख्या भांडुपात दुसरा नसेल. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, मरोळच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतात आणि पहिल्यापासून आमच्याकडेच राहतात. गेली आठ वर्षं त्यांच्या स्वादुपिंडाला सूज आहे. पिंड बिघडलं, पण स्वाद काही गेला नाही, ही खरी पंचाईत. मालवणी घरात खोबरं बंद, तळलेलं बंद; तरी मी बाकीच्यांसाठी बांगडे तळायला घेतले की हे दारात उभे. "दोन मिनिटं थांब वहिनी, कडा सुटू दे." स्वतः जेवायला बसले की पहिल्या घासाबरोबर पचनाची एक कॅप्सूल, मध्यावर दुसरी. दुखायला लागलं की उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतात आणि कोणी कसं आहे विचारलं तर मान वर न करता "झकास" म्हणतात.

या दुखण्याचं नाव घेतलं की लोकांना बाटलीच दिसते. भाऊजींनी जन्मात सोड्यापलीकडे काही घेतलेलं नाही. सुरुवातीला ते प्रत्येकाला सगळं समजावून सांगायचे. मग घाटकोपरच्या एका लग्नात गावचे काका त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "आता तरी ती सोड रे बाबा." भाऊजींनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सोडली, काका." काकांना भरून आलं. घरी येताना मी विचारलं, असं का सांगितलंत? तर म्हणे, "खरं सांगायला अर्धा तास लागतो. हे एका शब्दात होतं."

मागच्या वर्षी वजन फारच उतरायला लागलं, तेव्हा नव्या डॉक्टरांनी गव्हावर संशय घेतला. सीलिअ‍ॅक नावाचा आजार असू शकतो, त्यात गव्हाचा कणही आतड्याला सोसत नाही, म्हणाले. भाऊजींनी त्याच दिवशी गहू सोडला आणि त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. भिंग घेऊन माझे सगळे डबे वाचून काढले. "वहिनी, हिंगात गव्हाचं पीठ आहे." वीस वर्षं तोच हिंग वापरत होते मी, भेसळ करताना पकडल्यासारखं झालं. मग त्यांचा तवा वेगळा, परात वेगळी, चाळण वेगळी, आणि प्रत्येक भांडं दोनदा घासायचं. खोटं कशाला सांगू, मी कंटाळले होते.

पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, गहू सोडल्यावर तपासणीत काही दिसणार नाही. सहा आठवडे रोज गहू खा, मग दुर्बिणीने आतडं बघू.

"म्हणजे पाव चालत नाही हे कळण्यासाठी पाव खायचा," भाऊजी म्हणाले. पहिला आठवडा सणासारखा गेला. सकाळी पाव, रात्री चपाती, वर कौतुक. तिसऱ्या आठवड्यात शर्ट अंगावर लोंबायला लागले, कामावर दांड्या पडू लागल्या. एका दुपारी ते चपातीचा तुकडा हातात धरून नुसते बसलेले दिसले. मी म्हटलं, "पुरे झालं भाऊजी, सोडा आता."

"आता सोडलं तर परत पहिल्यापासून," ते म्हणाले. "आणि एकदा नक्की कळलं, हा आजार नाही म्हणाले, तर तुझी निम्मी भांडी तरी वाचतील."

त्यांना माझी भांडी दिसत होती, हे मला माहीत नव्हतं.

सहा आठवडे त्यांनी पुरे केले, दुर्बिणीची तपासणीही झाली. रिपोर्ट आणायला मुलुंडच्या हॉस्पिटलात आम्ही दोघं गेलो. आजार असू शकतो, खात्रीने सांगता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, गहू बंद ठेवा, काही महिन्यांनी बघू. आम्ही बाहेर येऊन फाटकाजवळच्या बाकावर बसलो. भाऊजींनी कागद दोनदा वाचला आणि घडी घातली.

"दमलो मी, वहिनी."

आठ वर्षांत पहिल्यांदाच असं म्हणाले. खरं तर मी धीर द्यायला हवा होता. तोंडातून निघालं, "मी पण, भाऊजी."

ते जरा सरकले, माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली. समोरून तीन रिकाम्या रिक्षा गेल्या. आम्ही कोणीच हात केला नाही.