जवाईबापूंनी पाहिलेली मालिका

प्रेमकथांबद्दल माझी मतं अतिशय ठाम आहेत, कारण त्यातली एकही मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेली नाही.

सिनेमा असो की मालिका, मी येता-जाता बघतो. पाणी प्यायला उठलो की थोडं, परत येताना थोडं. तेवढ्यात मला सगळं कळतं. नायक दाढीवाला असतो आणि कधीही कामाला जात नाही. नायिका झोपेतही दागिने काढत नाही. भांडणं दार सताड उघडं टाकून होतात, म्हणजे सासूला जिन्यात उभं राहून ऐकता यावं. आणि 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे चार शब्द बोलायला या लोकांना सहा-सहा महिने लागतात! आमच्या अमरावतीत माणूस बायकोला 'जेवली का?' विचारतो, विषय संपतो.

ही मतं मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐन मालिकेत ऐकवतो. ती म्हणते, "तुमी एक तं पाहा, नाई तं बोला." मी बोलणं निवडतो.

अशा माणसावर मालिका नीट पाहून तिचा वृत्तान्त देण्याची जबाबदारी कोणी टाकेल का? माझ्या सासूबाईंनी टाकली!

झालं असं, की अकोल्याला सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सुनंदा त्यांच्याजवळ राहायला गेली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि काही दिवस टीव्ही बंद म्हणून सांगितलं. मोबाइलवर त्यांची रोजची मालिका सुनंदानं एकटीनं पाहिली असती, पण नुसता आवाज आला तरी सासूबाई चष्मा कपाळावर चढवून हजर! शेवटी त्यांनीच तोडगा काढला.

"जवाईबापू, तुमी रिकामेच असता संध्याकाळी. सातची मालिका पाहून घेत जा अन् मले फोनवर सांगत जा."

"आई, मला त्यातलं काही कळत नाही."

"कळाचं काय त्यात? पाह्याचं अन् सांगाचं!"

मालिकेत दोन बहिणी होत्या. एका दाढीवाल्यावरून दोघींचं बिनसलं होतं आणि त्या एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. सासूबाईंचा जीव या कथेत का अडकला होता, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची स्वतःची धाकटी बहीण, शांतामावशी, अकोल्यातच दोन गल्ल्या सोडून राहते, आणि दोघींमध्ये काही वर्षं बोलणं नव्हतं. कारण? कणकेच्या भाजलेल्या रोडग्यांच्या एका जेवणात मावशी थोरलीबद्दल चारचौघांत म्हणाली होती, "बाईची वांग्याची भाजी म्हंजे आजाऱ्याचं पथ्य!" तेव्हापासून दोघी भाजीवालेही वेगवेगळे धरून होत्या.

सुरुवातीला माझं काम झकास चाललं. घटना थोड्या आणि मतं भरपूर, असा माझा वृत्तान्त असायचा. मग एका संध्याकाळी जाहिराती लागल्या. मी जरा क्रिकेट लावलं. परत आलो तर तोच मोठा दिवाणखाना, तोच जिना, तीच हिरव्या साडीतली रडणारी बाई. (दुसऱ्या वाहिनीवरच्या दुसऱ्या मालिकेतही हेच सगळं असतं, हे मला कोणी सांगितलं होतं?) पुढच्या दृश्यात दवाखान्यात कोणीतरी कॉटवर होतं. तोंडाला सगळीकडे पट्ट्या. मी म्हटलं, ही धाकटी. तेवढ्यात "ताई... ताई..." असा क्षीण आवाज आला, म्हणजे तर शंकाच नको! हिरवी साडी डबा घेऊन धावत आली, आणि मशीनवरची वाकडी रेघ सरळ झाली.

मी फोन लावला. "आई, मन घट्ट करा. धाकटी गेली."

"काय म्हंता!" मग हळूच, "भेट झाली का दोघींची?"

"नाही ना. मोठी डबा घेऊन आली, पण उशीर झाला."

इथं थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मत दिल्याशिवाय मी फोन ठेवत नाही. म्हणालो, "खरं सांगू का आई, माणसानं इतका राग धरूच नये. नंतर डबा कोणाला खाऊ घालणार?"

सासूबाईंनी फोनच ठेवून दिला. माझं बोलणं मनाला भिडलं म्हणून मी खूश! त्या आनंदात एक पोळी जास्त खाल्ली.

सकाळी सुनंदाचा फोन. "अहो, आई घरात नाई! मी आंघोळीले गेली व्हती. चष्मा नाई, चप्पल नाई, अन् सैपाकघरातला डबा नाई!"

ऑपरेशन झालेला डोळा, रस्त्यावर गाड्या, आणि म्हातारी एकटी! मी तसाच एसटी स्टँडवर गेलो आणि अकोल्याची पहिली गाडी पकडली. बडनेरा मागे पडेपर्यंत मी माहीत असलेल्या सगळ्या देवांना नवस बोलून बसलो होतो.

मूर्तिजापूर यायच्या बेताला फोन वाजला. परतवाड्याचे माझे साडू.

"हॅलो, कोण?" आवाज एकदम जड.

"मी बोलतोय."

"मी म्हंजे कोण?"

"अहो, मीच! आवाज ओळखला नाही का?"

पलीकडून घाबरत घाबरत, "पण... तुमी तं सकाळी गेले ना?"

"हो, गेलो ना! घाईत गेलो, कोणाला सांगायलाही वेळ मिळाला नाही."

"मंग आता कुठं हा?"

"अर्ध्या वाटेत आहे. पोचलो की कळवतो."

पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला.

अकोल्यात मावशीच्या घरी त्याआधी काय घडलं होतं, ते सुनंदानं मला नंतर सांगितलं. मावशीनं दार उघडलं तर समोर थोरली बहीण. काळा चष्मा, पदर अस्ताव्यस्त, हातात डबा, आणि डोळ्यांना धारा.

"शांते! हायेस नं वं माय तू?"

"मी कुठं जातो? पण तू काहून रडून राह्यली बाई? कोण गेलं? जवाईबापू गेले का?"

एवढंच वाक्य मावशीच्या यजमानांनी आत दाढी करता करता ऐकलं. कर्तबगार माणूस! अर्ध्या गालाला फेस असतानाच त्यांनी परतवाड्याला फोन लावला.

इकडे उंबऱ्यात दोघी गळ्यात गळा घालून रडत होत्या. "लहानी गेली वं शांते, लहानी गेली! मोठी डबा घेऊन आली, पण भेट नाई झाली!"

"कोण लहानी?"

"मालिकेतली! सातच्या!"

मावशीनं रडणं थांबवलं. "काईच्या काई! काल तं तिच्या हाताले मेंदी लागली. मी सोता पाह्यलं. कोण्या मेल्यानं सांगतलं तुले?"

"जवाईबापूनं."

"म्हंजे जवाईबापू जित्ते हायेत?"

"हायेत."

"मंग येऊ दे त्याइले इथं!"

सासूबाईंच्या घराला कुलूप दिसलं, म्हणून मी रिक्षा मावशीकडे वळवली. मी रिक्षातून उतरलो तेव्हा मावशीच्या अंगणात बायकांची गर्दी जमली होती. मला पाहून एक म्हातारी "अवं माय!" म्हणून मागे सरकली. शेजारच्या काकूंनी दुःखाच्या घराला म्हणून चहाची किटली आणली होती. त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं, जणू मी त्यांची साखर वाया घालवली. आईला शोधत तिथं आलेली सुनंदा मात्र गर्दीतून सरळ माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "जेवले का?"

(आता यापुढे त्या दाढीवाल्यानं सहा महिने घेऊन काय वेगळं सांगितलं असतं?)

आत दोघी बहिणी एका ताटात जेवत होत्या. डब्यात वांग्याची भाजी होती. मावशी बोटं चाटत म्हणाली, "बाई, तिखट जरा जास्तच झालं वं." मी श्वास रोखला. सासूबाई पहिल्यांदाच खळखळून हसल्या, "तुयासाठीच टाकलं भवाने!" मग चष्म्यातून माझ्याकडे वळल्या. "या जवाईबापू. माणसं मारून झाली असतील तं जेवाले बसा."

दुसऱ्या दिवसापासून मावशी रोज संध्याकाळी मालिका पाहून सासूबाईंकडे येऊ लागली आणि हावभावांसकट सांगू लागली. मला कामावरून काढून टाकलं. मी अमरावतीला निघताना सासूबाईंनी प्रेमानं बजावलं, "जवाईबापू, एकडाव तुमीबी डोये तपासून घ्या."

मी खरंच तपासून घेतले. डॉक्टरांनी दिव्यानं आत डोकावून पाहिलं, बारीक अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाले, "नजर एकदम उत्तम आहे."

मी विजयी मुद्रेनं सुनंदाकडे पाहिलं. ती काळजीनं डॉक्टरांना म्हणाली, "मंग डॉक्टरसाहेब, बिघाड वरच्या मजल्यावरच असन. तिथलं ऑपरेशन कोण करते हो?"